कूलरपुढचं टेबल

सदतीस नंबरची बाई नुकती कुठे हसायला लागली होती, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला.

गुंजननं हेडफोन कानावरून खाली ओढला आणि आधी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. खिडकीतला कूलर धडधडत होता. म्हणजे लाईट गेली नव्हती. पाळण्यात तिची लेक काजल तोंड अर्धवट उघडं ठेवून झोपली होती. कॉम्प्युटर आपला आपणच पुन्हा सुरू झाला, पडदा उजळला, आणि मान टाकावी तसा परत काळा झाला.

"नको ना रे," गुंजन हळूच म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलंच बोलणं असावं. काजलशी बोलली ते सोडून; पण ते काही बोलणं नव्हे, ते गुणगुणणं.

तिचं काम असं होतं. सावंगीच्या दवाखान्यात शिकणारी एक केरळकडची डॉक्टरबाई आपल्या प्रबंधासाठी गावोगाव फिरून नव्या आयांशी बोलली होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात झोप कशी, भूक कशी, जीव कशात लागतो, रडू येतं का. चाळीस बाया, चाळीस रेकॉर्डिंग. नावं कुठेच नव्हती, फक्त नंबर. ते ऐकून शब्दन् शब्द टाईप करायचा. डॉक्टरबाईची मराठी जेमतेम. प्रश्न ती कागदावरून वाचायची. आणि बाया तिच्यापाशी भडाभडा बोलायच्या, कदाचित तिला सगळं समजत नाही म्हणूनच.

"झोप किती लागते?" असं बारा नंबरला विचारलं, तर ती म्हणाली होती, "कोनाची सांगू? माही का याच्या बापाची?"

गुंजन तेव्हा एकटीच खळखळून हसली होती. मग तेवढाच तुकडा मागे घेऊन आणखी दोनदा ऐकला होता. जानेवारीपासून तिच्या घरात एवढ्या बाया बोलून गेल्या होत्या, आणि जिन्यावर मात्र बाहेरच्या कोणाची चप्पल वाजली नव्हती.

खाली राहणाऱ्या घरमालकीण वच्छलाबाई एकदा पाण्याच्या मोटारीचं सांगायला वर आल्या, तेव्हा दारातच थबकल्या. "दिवसभर कोनासंग बोलतं वो तू? आवाज येते खाली."

"बायांसंग, काकू. कामाच्या."

"कोन्या बाया? जिन्यानं त मले कोनी चढतानी दिसत नाई."

यावर गुंजन नुसती हसली होती. तिच्या लक्षात आलं नव्हतं की रेकॉर्डिंगमधल्या बायांना ती मोठ्यानं "हाव ना" म्हणायला लागली होती.

आता चार बाया उरल्या होत्या. अर्धी सदतीस, मग अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. डॉक्टरबाईनं सोमवारी सकाळपर्यंतची मुदत दिली होती. "दीदी, मेरा कुछ नहीं, गाईड सर बैठे हैं. नाही झालं तर उरलेलं मी टायपिंग सेंटरला देते हां."

टायपिंग सेंटरचं नावही गुंजनला नको असायचं. पहिल्या पाच बाया तिथेच टाईप झाल्या होत्या. पाच नंबरची बाई म्हणाली होती, "मले निज नाई ये वो बाई, जीव नुसता धकधक करते." सेंटरनं लिहिलं होतं, "मला निद्रानाश व अस्वस्थतेचा त्रास आहे." गाईड सरांनी ते पाहून विचारलं म्हणे, या सगळ्या बाया ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारख्या का बोलतात? म्हणूनच तर काम गुंजनकडे आलं. तिनं त्या पाचही पुन्हा ऐकून, जशा बोलल्या तशा लिहून काढल्या. लहानपणी कारंज्याकडच्या शाळेत तिची वाक्यं गुरुजी लाल पेनानं खोडून वर आपली लिहायचे. आई पंचफुला तिच्या बहिणींशी गोंडीत बोलायची, गुंजन मराठीत उत्तर द्यायची, आणि शाळेत तेही मराठी नव्हे असं ठरायचं. आपलं बोलणं खोडल्यावर कसं वाटतं, हे कोणाला समजावून सांगायची गरज तिला कधी पडली नव्हती. तिनं आतापर्यंतच्या छत्तीस बायांचं एकही "मले" खोडलं नव्हतं. इतक्या बायांनंतर तर ते वचन दिल्यासारखंच झालं होतं, कोणी मागितलं नव्हतं तरी.

मोबाईलवर ऐकून मोबाईलवरच लिहायचा प्रयत्न तिनं केला. तासाभरात सहा ओळी झाल्या आणि मोबाईल काजलच्या तोंडात गेला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या नवऱ्याचा, रोशनचा फोन आला. तो राजस्थानात, सोलर प्लांटवर. होळी झाली तसा गेला होता.

"रॅम असन," तो म्हणाला. "काढ अन् रबरानं घास."

गुंजननं आतली रॅमची चिप काढून घासली. दाताला पेस्ट लावावी तशी हलक्या हातानं, पिवळी टोकं चकाकेपर्यंत. कॉम्प्युटर चाळीस मिनिटं चालला आणि पडला. पुन्हा घासली. बुधवारी तर तो सुरूच होईना.

"मंग राहू दे ना," रोशन म्हणाला. मागे वारा फोनमध्ये घोंघावत होता. "रोहण्याले चालली जाय मायजवळ. उन्हाळाभर राह्य. कायले एकटी उकडत बसतं तिथं? इकडं माहाबी जीव लागत नाई तुह्या टेन्शननं."

"पाहीन," ती म्हणाली.

रोहण्याला माणसं होती. सासू, जाऊ, जावेची तीन पोरं, शेजारपाजार. तिथे काजल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरली असती. आणि गुंजन चुलीपासून मोरीपर्यंत. कानाला हेडफोन लावून बसलेली सून तिथे एक दिवसही खपली नसती, आणि त्यात कोणाचाही दोष नव्हता. सोमवारनंतर ती गेलीही असती. पण या चार बायांना अर्ध्यावर टाकून नाही.

कॅबिनेटच्या कडेला ज्या दुकानातून रोशननं तो जुना कॉम्प्युटर आणला होता त्याचा स्टिकर होता. अर्धा निघालेला. नंबर मात्र शाबूत होता.

"हॅलो, कोन?" बाईचा आवाज.

"ताई, सावंगीहून बोलून राह्यली. कॉम्प्युटर चालूच नाई होऊन राह्यला."

"आता वो! रिंकू नाई ना. माहा देर. घरी येऊन तोच पाह्यते. मामेभावाच्या वरातीत यवतमाळले गेला. परवाशिवाय येत नाई, अन् आला तरी दोन दिवस झोपन."

"परवा नाई चालत, ताई." एवढं बोलताना गुंजनचा आवाज कापला. तो कापलेला तिलाच ऐकू आला आणि लाज वाटली.

मग ती बाई, सुलोचना तिचं नाव, जरा हळू आवाजात म्हणाली, "बटन दाबलं का काय होते? आतला पंखा फिरते?"

"एक गिरकी घेते अन् थांबते."

"पुरी?"

"अर्धीच समजा."

"हं. मंग रॅम नोको घासत बसू."

गुंजननं टेबलावरचं रबर बाजूला सारलं.

"घासली का?"

"दोनदा."

सुलोचना हसली. "सारा वर्धा जिल्हा घासते वो. लेकरायचे रबर संपतात, पन रॅम काई खराब निंगत नाई. एसएमपीएस असन तुहा. भिंतीतली लाईट घेऊन साऱ्यायले वाटून देते ना, तो डबा. त्याच्यातच दम नाई राह्यला त बाकीच्यायनं काय करावं? पेचकस हाये घरी?"

स्क्रूड्रायव्हर होता. रोशनचाच. गुंजननं फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. काजल जागी झाली होती. तिला वाटीत मुरमुरे देऊन दाराशी बसवलं.

"पह्यले वायर काढ बोर्डातून. काढली? आता बाजूचं झाकन खोल. आत एक रुंद पट्टी दिसन, मोठ्ठी, लय साऱ्या रंगाच्या वायरींची. कडेचा खटका दाब अन् सरळ वर ओढ. हलवू नोको."

निघेना. गुंजननं अंगठा लावून जोर केला, नखाखाली दुखलं, आणि पट्टी एकदम हातात आली. मग त्या डब्यातून निघणाऱ्या बाकीच्या वायरीही एकेक करून काढल्या.

"आता त्या पट्टीत हिरवी वायर पाह्य. हिरवी एकच असते. तिच्या बाजूला काळी. कागदाले लावाची तारेची क्लिप हाये का? ती वाकवून एक टोक हिरव्यात, एक काळ्यात. घातली? हात काढ आता. मंग वायर लाव, बटन चालू कर, अन् त्या डब्याचा पंखा पाह्य. चांगला असन त फिरतच राह्यते."

क्लिप डॉक्टरबाईच्या संमतीपत्रांच्या गठ्ठ्याची निघाली. गुंजननं बटन चालू केलं. डब्याचा पंखा थरथरला, जाग आल्यासारखा थोडा हलला, आणि थांबला. त्याच्या जाळीतून एक वास आला.

"वास येऊन राह्यला, ताई."

"कसा?"

"सुकटीसारखा."

"बस. गेला तो. बंद कर, वायर काढ. मागून चार स्क्रू हायेत, डबा काढून इकडं घेऊन ये. पन त्याले घरी उघडजो नोको हां, वायर काढली तरी आत करंट धरून ठेवते." मग सुलोचना थांबली. "घरी कोनी नाई का वो तुह्या?"

"आहे ना. पोट्टी आहे."

"केवढी?"

"चौदा महिन्यांची."

"मंग दोघीबी येजा. उन्हाच्या आंधी येजा."

गुरुवारी सकाळी नऊ वाजताच दोघी ऑटोत बसल्या. काजल एका मांडीवर, तिच्या दुपट्यात गुंडाळलेला डबा दुसऱ्या मांडीवर. समोर बसलेल्या म्हातारीनं दोन्हीकडे पाहून विचारलं, "जुळे हायेत काय?" ऑटोवाला मान मागे टाकून हसला. गुंजनही हसली, आणि वर्धा येईपर्यंत तिला वाटत राहिलं की म्हातारीनं आणखी काहीतरी विचारावं. म्हातारी मधेच उतरून गेली.

सुलोचनाचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. चाळिशीतली बाई, नाकावर चष्मा, पदर कमरेला खोचलेला, समोर कथिलाचा धूर. तिनं काजलच्या हातात एक निकामी माऊस दिला, शेपटीसकट, आणि डबा उघडला.

"हे पाह्य."

आत धूळ असेल असं गुंजनला वाटलं होतं. धूळ होतीच, पण तिच्यावर पांढरी पापडी धरली होती, माठाच्या बुडाशी धरते तशी. जाळीच्या कडा गंजल्या होत्या. मधली तीन छोटी नळकांडी वरून फुगली होती आणि एकातून तपकिरी चिकट ओघळ आला होता.

"कूलरपुढं ठेवत होती ना?"

गुंजननं मान हलवली.

"सारेच ठेवतात. आपल्या इथं मान्साचं डोकं फुटते उन्हानं, त वाटते मशीनबी उकडत असन बिचारी. पन तिले गरम हवा चालते वो, ओली नाई चालत. आपलं पानी जड. कूलरचं गवत कसं पांढरं पडते महिन्याभरात? तेच उडून आत बसलं. दोन-तीन उन्हाळ्यांचं हाये हे." सुलोचनानं चष्मा वर केला. "कोनाची अक्कल?"

जायच्या आदल्या दिवशी रोशननं कूलर माळ्यावरून उतरवला होता, नवं गवत भरलं होतं. मग टेबल सरकवत बसला. इकडे थोडं, तिकडे थोडं. खुर्चीवर स्वतः बसून पेपरची एक चिंधोटी धरून पाहिली, फडफडते का. पाळण्यापाशी धरली. कॉम्प्युटरपाशी धरली. मागच्या उन्हाळ्यातही असंच केलं होतं, त्याच्या मागच्याही. "तुले, पोट्टीले अन् याले, तिघायलेबी हवा लागली पायजे," तो म्हणाला होता. तिघांनाही लागल्याशिवाय उठला नव्हता.

"माहीच," गुंजन म्हणाली.

सुलोचनानं तिच्याकडे एकदा पाहिलं. फळीवरून त्याच वॅटचा नवा डबा काढला, जुन्याच्या शेजारी ठेवून वायरींची लांबी जुळते का बघितली, टेस्टर लावून त्याचे दिवे दाखवले. "इथं लावून देला असता, पन कॅबिनेट त घरी हाये तुह्या. जसं काढलं तसंच लाव. अडलं त फोन कर."

दुपारी काजल झोपल्यावर गुंजननं तो बसवला. चार स्क्रू. रुंद पट्टी खटका बसेपर्यंत दाबली. हार्ड डिस्कची चपटी वायर लावली. बटन दाबलं. पंखे गरगर फिरले, आणि तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

पडदा काळाच राहिला.

एक मिनिट, दोन मिनिटं. पंखे फिरताहेत आणि पडद्यावर काही नाही. गुंजन जमिनीवर बसली. सगळं आतूनच गेलं असेल, हार्ड डिस्कही, लिहून झालेली अर्धी सदतीसही, तिचं ते अर्धवट हसूही. सेंटरमधला माणूस लिहील, "उत्तरदात्री हसली." तेवढंही लिहिणार नाही. तिनं फोन लावला.

"ताई... फिरून राह्यले सारे, पन..."

"पडदा काळा?" सुलोचना काहीतरी खात होती. "चार वायरींचा चौकोनी लावला का? छोटा? वरच्या कोपऱ्यात, मोठ्या पंख्याच्या बाजूले?"

गुंजननं वाकून पाहिलं. चौकोनी टोक डब्याच्या मागे तसंच लोंबत होतं.

"नाई."

"मीबी पह्यल्या डावाले विसरली होती. बंद कर, लाव, अन् मंग सांग मले."

तिनं बंद केलं, लावलं, बटन दाबलं. पडद्यावर चिन्ह उमटलं, मग काजलचा फोटो. सगळ्या फायली जागच्या जागी.

"झालं, ताई!"

"झालं ना? चाल मंग, गिऱ्हाईक हाये." आणि फोन बंद झाला. गुंजन तो कानाला तसाच धरून राहिली थोडा वेळ.

टेबल हलवावं लागणार होतं. खोलीत कूलरची हवा न पोचणारा कोपरा एकच होता, मोरीच्या भिंतीचा, जिच्यावर दुपारचं ऊन बाहेरून थेट यायचं. हात लावला तर भिंत तव्यासारखी. पाळणा तिथे नेण्यात अर्थ नव्हता. पाळणा हवेतच राहिला, टेबल एकटं कोपऱ्यात गेलं. आता काजल हाताच्या अंतरावर नव्हती. पाळण्याची दोरी ओढून टेबलापर्यंत आणली, तीही दोन हात कमी पडली. शेवटी जुन्या ओढणीची गाठ मारून लांबवली.

रोशनचा फोन आला तेव्हा ती घामानं निथळत होती.

"चालू झाला? काय झालतं?"

"डबा जुना झालता," ती म्हणाली. "बदलला."

"कोनी बदलला?"

"मी."

"तू?" तो इतका हसला की शेजारच्या कोणीतरी त्याला काय झालं विचारलं. "अबे, माह्या बायकोनं..." असं तो तिकडे कोणाला तरी सांगायला लागला आणि त्या सांगण्यातच फोन कटला. गुंजनला आणखी थोडं बोलायचं होतं. काय, ते ठरलं नव्हतं.

नवा डबा चालताना आवाजच करत नव्हता. जुना कण्हायचा, तो कण्हतो आहे हे तिला कधी जाणवलंच नव्हतं, आता नाही तेव्हा कळलं. हेडफोन काढला की खोलीत फक्त दूरच्या कूलरची धडधड आणि काजलचा श्वास.

सदतीस नंबर पुन्हा पहिल्यापासून ऐकली. ती हसत होती ते सासूवर. सासूनं बाळाला दृष्ट लागू नये म्हणून इतकं काजळ लावलं की फोटोवाला म्हणाला, हे लेकरू आहे की पाटी? गुंजन म्हणाली, "हाव ना," आणि टाईप केलं. शुक्रवारी अडतीस झाली. ती फार रडली होती, आणि डॉक्टरबाईनं मधेच प्रश्न वाचणं थांबवलं होतं. त्या रडण्याला काय लिहायचं ते गुंजनला कळेना. शेवटी तिनं किती सेकंद ते लिहिलं, एकेचाळीस, आणि पुढे गेली. शनिवारी एकोणचाळीस. तिला बोलायचंच नव्हतं. "बरं हाये," "नाई," "बरं हाये."

रविवारी दुपारी चाळीस. ही हळू बोलायची. तिच्या मागे कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती, त्यामुळे एकेक वाक्य तीन-तीनदा ऐकावं लागत होतं. गुंजनला त्याचं काही वाटत नव्हतं. घाम कोपरापर्यंत येऊन कळफलकावर पडायचा, ती फडक्यानं टिपायची आणि पुन्हा मागे घ्यायची. बाई सांगत होती की घरचे कामाला गेले की ती लेकराला मांडीवर घेऊन दारात बसते. रस्त्यानं जाणाऱ्याला विचारते, कोन्या गावचे? कोणी सांगतं, कोणी तसंच जातं.

मग ती म्हणाली, "बसा, तुमच्यासाठी पानी आनतो." खुर्ची सरकली. तिची पावलं आत गेली. गिरणीचा आवाज तेवढा राहिला.

गुंजननं थांबवलं.

खाली आकडा होता. चार मिनिटं दहा सेकंद उरली होती. अर्ध्या तासाचं काम. काजल अजून तासभर तरी उठणार नव्हती. डॉक्टरबाई उद्या अकराला येणार होती. कागद घेईल, "थँक्यू दीदी" म्हणेल, आणि जाईल. पुढचं काम आहे की नाही, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं.

गुंजनचं बोट बटनावर होतं. तिनं ते उचललं. फाईल जपून ठेवली, दोनदा, मग कॉम्प्युटर रीतसर बंद केला. पडदा विझला. ओढणीची गाठ हातात घेऊन तिनं पाळण्याला एक हलका झोका दिला, गरज नव्हती तरी.

चार मिनिटं सकाळी करता येतील. सकाळी ती बाई पाणी घेऊन बाहेर येईल.